सरोवराची राखण
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत झालेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या सभेंत वक्त्यानें देवळाचा इतिहास सांगावा, थोरांचे उपकार आठवावे, आणि पुढील पिढीस आशीर्वाद मागून खालीं बसावें, असा आपल्याकडे रिवाज आहे. तें काम आमच्या आधीं बोललेल्या वडीलधाऱ्यांनीं उत्तम रीतीनें केलें आहे. आम्हांस विषय निवडण्याची मोकळीक मिळाली, म्हणून आम्हीं थोडा निराळा विषय हातीं घेतला आहे. ज्युबिली ही कल्पना मूळची जुन्या करारांतील लेवीय पुस्तकांतली. पन्नासाव्या वर्षीं शेत पेरूं नये, भूमीला विसांवा द्यावा, कारण भूमि देवाची आहे आणि आपण तिच्यावरचे पाहुणे आहोंत, असा तेथें बोध आहे. म्हणजे ज्युबिलीच्या दिवशीं पहिला मान भूमीचा, आणि भूमीबरोबर तिच्यावरील पाण्याचा. यास्तव आज आम्ही एका सरोवराची व त्याची राखण करणाऱ्या साध्या माणसांची हकिकत सांगणार आहोंत. हकिकत दूरदेशची आहे. परंतु तिच्यांत येशूसंघाचे दोन धर्मगुरु भेटतील, आणि शेवटीं ती आपल्या वाडीच्या कांठाशीं येऊन थांबेल.

अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यांत, अॅडिरॉन्डॅक पर्वताच्या पूर्व अंगास, लेक जॉर्ज नांवाचें गोड्या पाण्याचें सरोवर आहे. त्याची लांबी सुमारें ३२ मैल. रुंदी मात्र कोठेंही तीन मैलांच्या फारशी पलीकडे जात नाहीं. सर्वांत खोल जागीं तळ जवळजवळ २०० फुटांवर लागतो. डोंगरांच्या दोन रांगांमध्यें तें लांबट पसरलें असून त्यांत १७० हून अधिक लहानमोठीं बेटें आहेत. त्याचें पाणी उत्तरेस वाहून शँप्लेन सरोवरास मिळतें, आणि तेथून सेंट लॉरेन्स नदीच्या वाटेनें समुद्रास जातें. हें पाणी इतकें निर्मळ, कीं कांठची कित्येक घरें आजही पिण्याचें पाणी सरळ सरोवरांतूनच घेतात. कांठच्या माणसाच्या निष्काळजीपणाचें फळ पुष्कळदां त्याच्याच पेल्यांत उतरतें, ही गोष्ट आपण पुढें ध्यानांत ठेवावी.

ह्या सरोवराचें पहिलें ख्रिस्ती नांव निराळें होतें. फ्रान्स देशांतील ओर्लेआं गांवीं सन १६०७ त जन्मलेले फादर इझाक जोग हे येशूसंघाचे मिशनरी कॅनडांत धर्मकार्य करीत होते. सन १६४२ त मोहॉक जातीच्या लोकांनीं त्यांस कैद केलें व त्यांच्या हातांच्या बोटांचे भयंकर हाल केले. सुटका होऊन ते युरोपांत परतले, तेव्हां अशा छिन्न बोटांनीं मिस्सा करण्याची खास परवानगी पोप आठवे उर्बन यांनीं त्यांस दिली. एवढें सोसूनही ते पुन्हां त्याच मुलखांत आले. सन १६४६ त तहाच्या बोलण्यासाठीं वकील म्हणून जात असतां, कोर्पुस क्रिस्ती सणाच्या पूर्वसंध्येला, ते ह्या सरोवराच्या कांठीं पोंचले, आणि सणाला अनुसरून त्यांनीं त्याला ‘परमपवित्र साक्रामेंताचें सरोवर’ असें नांव दिलें. तेथील मूळच्या लोकांचें त्यासाठीं स्वतःचें नांव होतेंच. ‘जेथें सरोवर बंद होतें ती जागा’ असा त्याचा अर्थ सांगतात. त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत फादर जोग यांना रक्तसाक्षीचें मरण आलें, आणि सन १९३० त पोप अकरावे पायस यांनीं त्यांची संतांत गणना केली. पुढें इंग्रज व फ्रेंच यांच्या लढायांत, सन १७५५ मध्यें, एका इंग्रज सरदारानें आपल्या राजाचा मान राखण्याकरितां सरोवराचें नांव बदललें, आणि तेंच आज चालू आहे. नांव देणारे व बदलणारे दोघेही निघून गेले. पाणी मात्र राहिलें. तें सांभाळणार कोण, हा प्रश्न त्यांच्या मागें उरला.

नदी, सरोवर, समुद्र हीं सर्वांचीं असतात, आणि जें सर्वांचें असतें तें पुष्कळदां कोणाचेंच नसतें. शेताला मालक असतो, विहिरीला भाऊबंद असतात. सरोवराच्या मध्यभागाला कोण आहे? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ह्या सरोवरावर आगबोटी फिरूं लागल्या होत्या, आगगाडी कांठापर्यंत आली होती, आणि मोठ्या शहरांतील लोक उन्हाळा घालविण्यास तेथें येऊं लागले होते. अशा वेळीं, सन १८८५ मध्यें, कांठच्या लोकांनीं एकत्र येऊन ‘लेक जॉर्ज असोसिएशन’ नांवाची मंडळी स्थापिली. अमेरिकेंतील सरोवर राखणाऱ्या अशा संस्थांत ती सर्वांत जुनी मानली जाते. त्याच वर्षीं न्यूयॉर्क सरकारनें कायदा करून अॅडिरॉन्डॅक प्रांतांतील सरकारी अरण्य राखीव ठरविलें. सरोवरावर देखरेख करण्याकरितां सरकारी कमिशन नेमलें गेलें तें सन १९६१ त. म्हणजे सरकारचा पहारेकरी येण्यापूर्वीं ७६ वर्षें गांवचा पहारेकरी उभा होता. पुढें अशा मंडळ्या त्या देशांत पुष्कळ झाल्या. न्यू हॅम्पशर राज्यांत स्क्वाम सरोवराची मंडळी सन १९०४ पासून काम करीत आहे. मेन राज्यांत सन १९७१ पासून स्वयंसेवक आपापल्या तळ्यांचें पाणी नियमानें मोजीत आले आहेत.

आतां पाणी मोजणें म्हणजे काय? येथें आपले दुसरे धर्मगुरु भेटतात. फादर आंजेलो सेक्की यांचा जन्म सन १८१८ त इटलींतील रेज्जो एमिलिया येथें झाला. ते येशूसंघाचे, आणि रोम येथील कोलेज्जो रोमानो विद्यालयाच्या वेधशाळेचे प्रमुख होते. ताऱ्यांच्या प्रकाशाचे वर्णपट तपासून त्यांनीं ताऱ्यांचे वर्ग पाडले, आणि ह्या कामासाठीं ज्योतिषशास्त्रांत त्यांचें नांव अजरामर झालें आहे. आकाशाकडे पाहणाऱ्या ह्या पुरुषाला पोप महाराजांच्या आरमाराचे अधिकारी आलेस्सांद्रो चियाल्दी यांनीं समुद्राकडे पाहण्यास बोलाविलें. पाण्यांत किती खोलपर्यंत दृष्टि जाते हें चियाल्दींना शोधावयाचें होतें. सन १८६५ च्या एप्रिल महिन्याच्या २० तारखेस, ‘निष्कलंक गर्भसंभव’ असें नांव असलेल्या पोपांच्या जहाजावरून, फादर सेक्की यांनीं भूमध्य समुद्रांत दोरीला बांधलेली तबकडी सोडली. तबकडी कोणत्या खोलीवर दिसेनाशी होते, सूर्य किती वर असतां काय फरक पडतो, पाण्यावर जहाजाची सावली असली तर काय होतें, पांढऱ्या तबकडीऐवजीं रंगीत घेतली तर काय होतें, ह्या सर्वांची त्यांनीं शिस्तवार नोंद केली.

ती तबकडी आज जगभर ‘सेक्की तबकडी’ म्हणून ओळखली जाते. सरोवरांसाठीं वापरतात ती सुमारें आठ इंच व्यासाची असून, तिचे चार भाग पाडून ते आळीपाळीनें काळे व पांढरे रंगविलेले असतात. तिला खालून वजन व वरून खुणा केलेली दोरी बांधतात. दुपारच्या सुमारास होडीच्या सावलीच्या बाजूनें ती पाण्यांत सोडावयाची. ती दिसेनाशी झाली कीं दोरीवरची खूण पाहावयाची. मग हळूंहळूं वर ओढून ती पुन्हां दिसूं लागली कीं दुसरी खूण पाहावयाची. दोहोंची सरासरी ती त्या दिवसाची पाण्याची निर्मळता. एवढेंच तें शास्त्र. ह्यास महागडें यंत्र नको, वीज नको, पदवी नको. चांगले डोळे व सचोटी मात्र पाहिजे. लेक जॉर्जमध्यें ही तबकडी तीस फुटांच्या आसपास दिसत राहते. गढूळ किंवा शेवाळलेल्या तळ्यांत ती हातभर खोलीवरच हरवते.

एका दिवसाचा आंकडा फारसें कांहीं सांगत नाहीं. परंतु तोच मनुष्य त्याच जागीं दर पंधरवड्यास वीस वर्षें मोजीत राहिला, तर त्या वहीला मोठी किंमत येते. सरोवर एका रात्रींत बिघडत नाहीं. वर्षाला बोटभर दृष्टि कमी होत गेली, तर कांठावर राहणाऱ्यास तें कळत नाहीं. बापानें पाहिलेलें पाणी मुलानें पाहिलेलें नसतें, म्हणून मुलगा आहे त्यालाच स्वच्छ म्हणतो. ही विस्मृति फार वाईट असते, आणि तिच्यावर उपाय लिहिलेल्या आंकड्याचाच.

आतां सरोवर बिघडतें कशानें, हें थोडक्यांत सांगतों. कॅनडांतील ओंटारिओ प्रांतांत सन १९७३ मध्यें शास्त्रज्ञांनीं एका तळ्याचे मधोमध पडदा लावून दोन भाग केले. दोन्ही भागांत कर्ब व नत्र हीं द्रव्यें घातलीं. एका भागांत मात्र त्यांच्या जोडीस फॉस्फरस घातला. थोड्याच काळांत फॉस्फरसचा भाग शेवाळानें हिरवागार झाला, आणि पडद्यापलीकडचा भाग जसाचा तसा राहिला. हा फॉस्फरस सांडपाण्यांतून येतो, खतांतून येतो, कांठची झाडें तोडल्यावर पावसानें धुपून जाणाऱ्या मातींतून येतो. शेवाळ वाढतें, मरतें, तळाशीं जाऊन कुजतें, आणि कुजतांना पाण्यांतील प्राणवायु खाऊन टाकतें. मग मासे गुदमरतात. म्हणजे सरोवराचा रोग बहुधा पाण्यांत सुरूं होत नाहीं. तो कांठावर, आपल्या न्हाणीघरांत व आपल्या बागेंत सुरूं होतो.

हीं झालीं कष्टाचीं कामें. परंतु ह्या मंडळ्या केवळ कष्टावर टिकल्या नाहींत. त्या देशांत उन्हाळा जून ते ऑगस्ट एवढाच, आणि थंडींत सरोवरें गोठून जातात. म्हणून वर्षाची सर्व गजबज ह्या तीन महिन्यांत होते. मंडळीची वार्षिक सभा उन्हाळ्यांत भरते, कारण तेव्हांच सर्व सभासद कांठावर असतात. ४ जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. त्या दिवशीं किंवा त्याच्या आगेंमागें कित्येक सरोवरांवर होड्यांची मिरवणूक निघते. लोक आपापल्या होड्या निशाणांनीं व कागदी फुलांनीं सजवितात, मुलें सोंगें घेऊन बसतात, आणि कांठावरचे म्हातारे खुर्च्या टाकून टाळ्या वाजवितात. पोहण्याच्या शर्यती होतात. प्रत्येक घरानें एकेक पदार्थ आणून सर्वांनीं मिळून जेवावें, अशा पंगती होतात. मुलांना गळानें मासे धरण्यास शिकवितात. लेक जॉर्जच्या मंडळीनें तर एका रुंद होडीवरच शाळा मांडली आहे. मुलें तींत बसून सरोवराच्या मध्यावर जातात, फादर सेक्कींची तबकडी आपल्या हातानें पाण्यांत सोडतात, बारीक जाळीनें डोळ्यांस न दिसणारे जीव गोळा करितात, आणि ते सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहतात.

सन १९९४ पासून दर उन्हाळ्यांत एक सामुदायिक मोजणीही होते. निरनिराळ्या गांवचे स्वयंसेवक त्या दिवसांत आपापल्या तळ्यांत तबकडी सोडतात आणि आपला आंकडा एका ठिकाणीं कळवितात. न्यू हॅम्पशरमध्यें जुलै महिन्याच्या तिसऱ्या शनिवारीं सकाळीं ८ ते ९ ह्या एका तासांत सर्व राज्यभर लून नांवाच्या पाणपक्ष्याची गणती होते. हा पक्षी काळापांढरा, लाल डोळ्यांचा. रात्रीं त्याचा आर्त स्वर डोंगरांत घुमतो. तो अगदीं पाण्याच्या कडेला घरटें करितो, म्हणून वेगानें जाणाऱ्या मोटारबोटीची एक लाट त्याचीं अंडीं वाहून नेऊं शकते. गळाला बांधलेलें शिशाचें वजन त्यानें गिळलें तर तो विषानें मरतो. मेलेल्या पक्ष्यांची नोंद ठेवणाऱ्या लोकांमुळेंच ही गोष्ट पुढें आली, आणि न्यू हॅम्पशरनें सन २००० मध्यें अशा शिशाच्या वजनांवर निर्बंध घातले. ही बंदी करणारें तें त्या देशांतलें पहिलें राज्य.

कोणी म्हणेल, मिरवणूक आणि पंगत यांचा पाण्याच्या निर्मळतेशीं काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. आपल्या इगर्जीच्या सणाला मंडप घालणारे, ताशा वाजविणारे, स्वयंपाकाला बसणारे हात, तेच पुढें भिंत पडली तर दगड उचलावयास येतात. जो मनुष्य सणाला एकदांही आला नाहीं, तो कामाला हांक मारल्यावर क्वचितच येतो. सरोवराच्या मंडळीचेंही तसेंच आहे. ज्या पोरानें त्या पाण्यांत पोहून शर्यत जिंकली, त्याला त्या पाण्यांत तण माजलेलें पाहवत नाहीं. आनंदाची आठवण ही राखणदाराची पहिली मजुरी होय.

आणि राखणदारांस विश्रांति कधींच मिळाली नाहीं. लेक जॉर्जमध्यें १९८५ च्या सुमारास युरोप व आशियाकडून आलेलें एक पाणतण आढळलें. त्याच्या देठाचा लहानसा तुकडा तुटला, तरी त्यापासून नवें झाड होतें. म्हणून तें उपटतांना फार जपावें लागतें. पाणबुडे खालीं उतरून तें हातानें मुळासकट काढतात. सन २०१० त आशियाई शिंपला सांपडला. हा प्राणी असा, कीं एकट्या शिंपल्यापासूनही वंश वाढूं शकतो. त्याच्यावर तळाशीं चटया अंथरून त्याची हवा तोडण्याचा प्रयत्न झाला. हे पाहुणे पुष्कळदां दुसऱ्या पाण्यांतून आलेल्या होड्यांना चिकटून येतात, हें कळल्यावर मंडळ्यांनीं जोर केला, आणि सन २०१४ पासून गाडीवरून आणलेली प्रत्येक मोटारबोट पाण्यांत सोडण्यापूर्वीं तपासण्याचा नियम कमिशननें केला. होडी स्वच्छ, निथळलेली व कोरडी नसेल तर ती आधीं कढत पाण्यानें धुतली जाते.

तिसरें संकट मिठाचें. थंडींत रस्त्यांवरील बर्फ वितळविण्याकरितां तेथें मीठ टाकतात, आणि वसंत ऋतूंत तें वाहून सरोवरांत येतें. सन १९८० पासून चालविलेल्या तीस वर्षांच्या मोजणींत दिसून आलें, कीं सरोवरांतील क्षाराचें प्रमाण सुमारें तिप्पट झालें आहे. डोळ्यांनीं पाहून हें कोणासही कळलें नसतें, कारण खारें पाणीही स्वच्छच दिसतें. वही होती म्हणून कळलें. तेव्हांपासून मीठ मोजून व कमी टाकण्याची खटपट चालू आहे. सन २०२० च्या नोव्हेंबर महिन्यांत, जें ह्या सरोवरांत पूर्वीं कधीं नोंदलें गेलें नव्हतें, तें विषारी जातीचें नीलहरित शेवाळ प्रथमच एका उपसागरांत तरंगतांना आढळलें. दुसऱ्याच वर्षीं, सन २०२१ त, सरोवरासाठीं झटणाऱ्या दोन संस्था, म्हणजे ही जुनी मंडळी व सरोवराकरितां निधि जमविणारी दुसरी संस्था, एक झाल्या. संकट मोठें झालें कीं शहाण्या माणसांनीं आपलीं दोन दुकानें ठेवूं नयेत, हें त्यांस उमगलें.

येथवर ऐकून कोणास वाटेल, कीं हे सर्व लोक एकदिलानें नांदत असतील. तसें नाहीं. सन २०२२ त तण मारण्याकरितां पाण्यांत औषध घालावें असें कमिशननें ठरविलें. मंडळीनें त्यास हरकत घेतली, व प्रकरण न्यायालयांत गेलें. शेवटीं सन २०२४ च्या उन्हाळ्यांत दोन उपसागरांत तें औषध घालण्यांत आलें. दोन्ही पक्षांस सरोवर प्रियच होतें. उपाय कोणता, एवढ्यावरच वाद होता. असा वाद मंडळीस मारक नसतो. ज्या पाण्याविषयीं कोणी भांडतच नाहीं, तें पाणी टाकलेलें समजावें.

ह्याहून कठीण गोष्ट निराळीच आहे. अशा मंडळ्यांत बहुतेक सभासद कांठावर घर असलेले, म्हणजे सुखवस्तु लोक. ते सरोवर राखतात कीं आपल्या घराची किंमत राखतात, असा प्रश्न बाहेरचे लोक विचारतात, आणि तो अन्यायाचा नाहीं. बाहेरून आलेल्या होडीला दोष देणें सोपें. मीठ टाकणाऱ्या खात्याला दोष देणें त्याहून सोपें. परंतु घरामागच्या जुन्या शौचकुंडांतून जो फॉस्फरस झिरपतो, तो कोणाचा? तो सभासदाचाच. वर्गणी देणाऱ्या, सभेला येणाऱ्या, मिरवणुकींत पहिल्या होडींत बसणाऱ्या मनुष्याला, ‘बाबारे, तुझ्याच कुंडाची दुरुस्ती कर,’ असें सांगणें हें राखणदारीचें सर्वांत अवघड काम होय. सन २०२३ मध्यें लेक जॉर्जच्या कमिशननें सरोवराजवळच्या घरांचीं शौचकुंडें ठराविक मुदतीनें तपासण्याचा नियम केला. होडी तपासण्याच्या नियमानंतर नऊ वर्षांनीं आपलें घर तपासण्याचा नियम आला, ही गोष्ट मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. परक्याची झडती आधीं, आपली मागाहून! तरी ती आली, ह्यांतच त्या गांवकऱ्यांची थोरवी.

बंधुभगिनींनो, आतां आपल्याकडे वळूं. आपल्या वसईच्या पट्टींत बत्तीस मैलांचें सरोवर नाहीं. परंतु वाडीवाडींत बावखलें होतीं, आणि कांहीं अद्याप आहेत. पावसाचें पाणी त्यांत सांठे, तें जमिनींत मुरे, आणि जमिनींतील गोड्या पाण्याचा भार खाऱ्या पाण्याला मागें रेटून धरी. समुद्र इतका जवळ असून आपल्या विहिरी गोड्या राहिल्या, आणि केळी, पानवेली व फुलझाडें जगलीं, त्यांत ह्या बावखलांचा मोठा वांटा होता. रहाटाचा आवाज ज्यांनीं ऐकला ते वडील आज ह्या सभेंत बसले आहेत. त्यांना आम्हीं अधिक काय सांगावें? बावखल बुजवून त्यावर इमारत उभी करणाऱ्यास जमिनीचे पैसे एकदांच मिळतात. शेजारच्या विहिरी मात्र कायमच्या दुबळ्या होतात. मुंबईकडे पाहिलें तर सन १८९१ त पुऱ्या झालेल्या पवई तलावाची गोष्ट आहे. लेक जॉर्जची मंडळी स्थापन झाली त्याच दशकाच्या आगेंमागें, मुंबईस पाणी पाजण्यासाठीं तो बांधला. आज त्याचें पाणी पिण्यायोग्य नाहीं. सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी त्यावर पसरते, ती काढावी, आणि ती पुन्हां यावी, असें चक्र चाललें आहे. जलपर्णी ही देखील परदेशी पाहुणी, दक्षिण अमेरिकेहून आलेली. तेव्हां लेक जॉर्जचा रोग व आपला रोग एकाच जातीचा आहे.

राखणदारही आपल्यांत झाले नाहींत असें नाहीं. आपल्या धर्मप्रांतांतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना महाराष्ट्र साहित्यिक म्हणून ओळखतो. सन २०२० त धाराशिव येथें भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. परंतु वसईची हिरवी जमीन व विहिरींचें पाणी वांचविण्याकरितां हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारें त्यांनीं जी चळवळ चालविली, ती विसरतां येणार नाहीं. सन २०२४ त ते आपणांतून गेले. त्यांच्या हाकेला जे सहस्रावधि लोक रस्त्यावर उतरले, त्यांतले पुष्कळजण आपल्याच घरचे होते. मोठ्या संकटाला आपण उठतों, ही आपली जमेची बाजू. दर महिन्याला शांतपणें वहींत एक आंकडा लिहिण्याची संवय मात्र आपणांस लावून घ्यावयाची आहे.

म्हणून आमची सूचना लहान आहे. आपल्या गांवांत जें तळें किंवा बावखल अद्याप शिल्लक आहे, त्यासाठीं तरुण मंडळींनीं आठ इंचांची एक तबकडी करावी. पत्र्याच्या झाकणाला काळा व पांढरा रंग द्यावा, मध्यें भोंक पाडावें, खालीं दगड बांधावा, दोरीवर वीत वीत अंतरानें गांठी माराव्या. खर्च फारसा नाहीं. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरपासून पुन्हां पाऊस येईपर्यंत, महिन्याच्या पहिल्या रविवारीं मिस्सा झाल्यावर दुपारीं, दोघांतिघांनीं जाऊन ती एकाच जागीं पाण्यांत सोडावी. लहान मुलांना एकटें पाठवूं नये. पोहतां येणारा एक वडील माणूस जवळ असावा. शेजारच्या चार विहिरींचें पाणीही चाखून पाहावें व खारेपणा आला असल्यास लिहावें. मे महिन्यांत एक दिवस सर्व गांवानें कांठावर जमावें, तण काढावें, गाळ उपसावा, आणि मग सावलींत बसून एकत्र जेवावें. मुलांनीं गाणीं म्हणावीं. तो दिवस हंसतखेळत झाला, तरच पुढच्या वर्षीं लोक येतील. आणि आपल्या घरचें सांडपाणी कोठें जातें, ह्याचा शोध प्रत्येकानें आधीं स्वतःच्या अंगणांत करावा.

वही कोठें ठेवावी, हें शेवटीं सांगतों. आपल्या इगर्जीच्या कपाटांत बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या व मरणाच्या नोंदवह्या आहेत. आपले आजेपणजे कोण, हें त्या वह्यांमुळें आपणांस कळतें. लिहिणाऱ्याचें नांव कोणी विचारीत नाहीं, पण त्याचें काम टिकतें. पाण्याची वही त्याच कपाटांत, त्याच रांगेंत ठेवावी, अशी आमची विगार महाराजांस नम्र विनंति आहे. पुढच्या ज्युबिलीला आमच्यापैकीं पुष्कळजण नसतील. त्या दिवशीं जो कोणी येथें उभा राहून बोलेल, त्याला ती वही उघडतां यावी. आमच्या दिवसांत तबकडी किती खोलपर्यंत दिसत होती आणि त्याच्या दिवसांत किती दिसते, हें त्यानें ताडून पाहावें. त्याला कोणता आंकडा सांपडेल, तें आजपासून आपल्या हातांत आहे.